बैठक (व्यायाम)

बैठक : कुस्तीच्या तालमीतील पायांचा मुख्य व्यायाम. उभ्याने गुडघे व खुबे वाकवून पूर्ण खाली बसायचे आणि हातांच्या झोक्याबरोबर पुन्हा उठायचे, एवढीच त्याची कृती. जोर व बैठका मिळून मल्लाच्या रोजच्या मेहनतीचा पाया होतो. जोराने छाती, खांदे व दंड तयार होतात. मांड्या, नितंब व पोटऱ्या यांचे काम बैठकीकडे असते.

उगम : बैठकीचा उगम निश्चित सांगता येत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांच्या सरावाचे भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणक व स्तंभश्रम असे प्रकार येतात. स्तंभश्रमात मल्लखांबाचे पूर्वरूप पाहण्याची प्रथा आहे आणि ती बरीचशी ग्राह्य वाटते. बैठकीवर मात्र यांपैकी कोणतेही नाव ओढाताण केल्याशिवाय बसत नाही. गुजरातमधील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांशी (कुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या समाजाशी) निगडित असलेले मल्लपुराण १९६४ मध्ये बडोद्याहून संपादित होऊन प्रसिद्ध झाले. त्यात श्रमांची वर्गवारी अधिक तपशीलवार आहे. पण ग्रंथाच्या काळाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो तेराव्या शतकाच्या आसपास नेतात, तर उपलब्ध हस्तलिखित पुष्कळ नंतरचे, बहुधा सतराव्या शतकातील आहे. त्यातील संज्ञांवरून आजच्या व्यायामांचा माग काढताना म्हणूनच सावधगिरी लागते.

महाराष्ट्रात बैठकीची परंपरा समर्थ रामदासांपर्यंत नेण्याचा प्रघात आहे. मारुतीची उपासना आणि बलोपासना यांची सांगड रामदासांनी घातली, हे मान्यच आहे. आजही तालमीत मारुतीची मूर्ती असते. परंतु त्यावरून एखाद्या विशिष्ट व्यायामाचे जनकत्व त्यांच्याकडे देता येत नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसार केलेल्या सूर्यनमस्काराशीही बैठकीचे नाते जोडले जाते. सूर्यनमस्कारात जोराशी जुळणाऱ्या अवस्था आहेत, पूर्ण बैठक नाही. त्यामुळे हे नाते जोरापुरतेच धरणे बरे. आज दिसणारी पद्धत आखाड्यांतून तोंडी परंपरेने घडत आली, हे मत अधिक संयुक्तिक दिसते. तिची लेखी व सचित्र मांडणी विसाव्या शतकात झाली, द. चिं. मुजुमदार यांचा १९३६ पासून बडोद्याहून दहा खंडांत निघालेला व्यायाम ज्ञानकोश त्यांत महत्त्वाचा होय. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे पंजाबचे मल्ल कोल्हापुरात येऊ लागले आणि दोन्हीकडच्या मेहनतीच्या पद्धती एकमेकींत मिसळल्या.

पद्धत व स्नायूंचे कार्य : बारबेल (दोन्ही टोकांना वजने लावलेला दांडा) खांद्यावर घेऊन मारायच्या स्क्वॉटमध्ये टाचा जमिनीला टेकलेल्या असतात. बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात आणि भार चवड्यांवर येतो. काही तालमींत खाली बसताना किंचित पुढे व उठताना मागे उडी घेतात. टाच उचलण्याची ही बाब किरकोळ वाटते, परंतु पायावरील ताणाची वाटणी तिच्यामुळेच बदलते. गुडघा पायाच्या बोटांच्या बराच पुढे जातो, धड ताठ राहते. परिणामी खुब्यावरील भार घटून गुडघ्यावरील वाढतो. हा भार मांडीच्या पुढील बाजूचा क्वाड्रिसेप्स स्नायुसमूह पेलतो. त्याच्या चार भागांपैकी रेक्टस फेमोरिस खुबा व गुडघा हे दोन्ही सांधे ओलांडतो. बैठकीत दोन्ही सांधे एकाच वेळी वाकत असल्याने त्याची लांबी फारशी बदलत नाही. खरे काम उरलेले तीन भाग करतात. खोल स्थितीतून उठताना नितंबाचा मोठा स्नायू व मांडीच्या आतील बाजूचा मोठा अभिवर्तक स्नायू साह्य करतात. तोल सावरण्याचे काम पोटरीकडे, विशेषतः तिच्यातील सोलियस या स्नायूकडे जाते. खाली जाताना स्नायू लांबत असतानाच ताण धरतो आणि उठताना आखडत बल लावतो. लय न तोडता बैठका मारल्या, तर पहिल्या अवस्थेत कंडरांत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांत) साठलेल्या ऊर्जेचा काही भाग दुसरीत परत मिळतो. वस्ताद लयीवर इतका भर देतात, त्याचे हे एक कारण असावे.

बैठकीत भार शरीराच्या वजनापुरताच असतो, आवर्तने मात्र शेकड्यांत जातात. अशा सरावाने स्नायूतील केशवाहिन्या व सूत्रकणिका (पेशीत ऊर्जा तयार करणारे घटक, मायटोकाँड्रिया) वाढतात आणि लवकर थकणारे जलद तंतू अधिक टिकाऊ जलद तंतूंकडे झुकतात. थकवा येईपर्यंत केल्यास मांडीचा घेरही वाढतो. कमाल बलात मात्र एका मर्यादेनंतर फारशी भर पडत नाही, कारण त्यासाठी भार वाढवत न्यावा लागतो. मातीतल्या जुन्या कुस्तीला ही टिकाऊ ताकदच हवी असे. १९१० मध्ये लंडनला भारतीय मल्ल गामा व पोलिश मल्ल झ्बिश्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि बरोबरीत सुटली. गामा रोज ५,००० बैठका मारत असे, असे सांगतात. एका बैठकीला दोन सेकंद धरले, तरी एवढ्या बैठकांना पावणेतीन तास लागतील; आकडा पारखून घ्यावा असाच आहे. मॅटवरील कुस्ती आज तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. तीत पट काढायला (प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून पाडायला) झेप लागते, तर उखाड मारायला (त्याला उचलून टाकायला) क्षणात लावलेले बल. त्यामुळे अलीकडे तालमींत बैठकीच्या जोडीला वजनाचे स्क्वॉट व उड्यांचे व्यायाम आले आहेत. ते योग्यच म्हटले पाहिजे.

गुडघ्याचा प्रश्न : खोल बसण्याने गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, असे अमेरिकेतील कार्ल क्लाइन याने १९६१ मध्ये मांडले आणि शारीरिक शिक्षणात त्याची धास्ती बराच काळ टिकली. नंतरच्या मोजमापांत या निष्कर्षाला पुष्टी मिळाली नाही. गुडघ्याच्या वाटीमागील दाब गुडघा सुमारे ९०° वाकेपर्यंत वाढत जातो. त्याहून खोलवर क्वाड्रिसेप्सची कंडरा स्वतःच मांडीच्या हाडावर टेकते, मांडी व पोटरी एकमेकींवर दाबल्या जातात आणि भार वाटला जातो. निरोगी गुडघ्याला हळूहळू वाढवलेल्या बैठका सोसतात. पुढे जाणाऱ्या गुडघ्यामुळे वाटीच्या दुखण्यात मात्र त्या टाळाव्यात. खरा धोका सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारण्यात आहे. अशा वेळी स्नायुतंतू फुटून त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते. सैन्यातील नवशिक्यांत व शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावलेल्यांत असे रुग्ण नोंदले गेले आहेत.

भारताबाहेर बैठक मुख्यतः जपानच्या व्यावसायिक कुस्तीत रुजली. तेथे ती हिंदू स्क्वॉट या नावाने ओळखली जाते. बेल्जियममध्ये जन्मलेला मल्ल कार्ल गॉच तेथील शिष्यांकडून ती मोठ्या संख्येने करवून घेत असे.