फाइल लिहिली, पण फ्लॅशवर पोचली का?

लाईट जाऊन आली की राउटर किंवा डेटा लॉगरमध्ये कधी कधी सेटिंगची फाइल जागेवर सापडते, पण तिचा आकार शून्य असतो. याचं मूळ १९७०च्या दशकातल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे.

तेव्हा डिस्क फार हळू. त्यामुळे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, डेटा आधी रॅममधल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवी आणि प्रोग्रॅमला ‘झालं’ म्हणून मोकळं करी. ‘अपडेट’ नावाचा प्रोग्रॅम दर ३० सेकंदांनी ‘सिंक’ चालवून साठलेलं सगळं डिस्ककडे रवाना करी. सिंक मात्र लिखाण रांगेला लावून लगेच परतायचा. म्हणून मशीन बंद करण्याआधी तो तीन वेगळ्या ओळींवर तीनदा टाइप करायची पद्धत पडली. त्यात जादू काही नव्हती. टाइप करेपर्यंत डिस्कचं काम उरकायचं, इतकंच. एका फाइलपुरता, लिखाण पुरं होईपर्यंत थांबणारा ‘एफसिंक’ १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत आला.

यात मशीन रीतसर बंद करणारा माणूस गृहीत धरलेला होता. राउटरसारख्या एम्बेडेड उपकरणाला तो नसतो; कुणीतरी प्लग ओढतं आणि विषय संपतो.

अशा उपकरणांत डिस्कऐवजी फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी डेटा राखणारी चिप, असते. तिच्यासाठी स्वीडनच्या ॲक्सिस कम्युनिकेशन्सने १९९९मध्ये जेएफएफएस ही फाइल सिस्टिम (फाइली कुठे, कशा ठेवायच्या हे बघणारी व्यवस्था) काढली. २००१मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीत डेव्हिड वुडहाउस यांनी जेएफएफएस२ लिहिली. जेएफएफएस२मध्ये लिहिलेला डेटा जवळपास तेव्हाच फ्लॅशवर जायचा (नँड या प्रकारच्या फ्लॅशसाठीचा छोटा बफर सोडला तर). माझ्या मते सवय बिघडली ती इथेच. एफसिंक न लिहिता कोड वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. मग २००८मध्ये लिनक्स २.६.२७मध्ये नोकिया आणि हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठाची यूबीआयएफएस ही फाइल सिस्टिम आली. ती डेटा कॅशमध्ये (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात) थांबवून मग लिहिते. वेग वाढला आणि जुन्या कोडचं पितळ उघडं पडलं. लिनक्समध्ये कॅशमधला डेटा ‘जुना’ ठरण्याची नेहमीची मुदत आजही ३० सेकंदच आहे.

डेस्कटॉपवाल्यांनाही २००९मध्ये लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिममुळे हाच फटका बसला. प्रोग्रॅमनेच एफसिंक करावा, असं ती सांभाळणारे टेड त्सो यांचं म्हणणं होतं, तरी लिनक्स २.६.३०मध्ये त्यांनी नेहमीच्या चुकांपुरती सोय करून दिलीच.

तेव्हापासून रुळलेली रीत अशी: तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं, सी लायब्ररीचा बफर ‘एफफ्लश’ने कर्नलकडे ढकलायचा, एफसिंक करायचा, मग ‘रीनेम’ने जुन्या नावावर बसवायचं. शेवटी डिरेक्टरीवरही एफसिंक. ही शेवटची पायरी हमखास गाळली जाते.

ईएमएमसी या फ्लॅश चिपच्या मानकाच्या ४.५ आवृत्तीपासून चिपच्या आतही कॅश असू शकते. तीही रिकामी करा, अशी आज्ञा कर्नल एफसिंकच्या वेळी पाठवतो. चिप ती खरंच पाळते का, हे डेटाशीट वाचून कळत नाही. लिखाण चालू असताना रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) वीज पुन्हा पुन्हा तोडून बघावं लागतं.