जुना ब्राउझर का सुटला नाही? : पार्श्वभूमी

सोलापुरात नवी पेठेतील कर सल्लागारांकडे किंवा अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्यांच्या हिशेबाच्या खोलीत काही वर्षांपूर्वी एखादा संगणक मुद्दाम जुना ठेवलेला दिसे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरची मागची आवृत्ती असे आणि ‘याला अपडेट करायचे नाही’ अशी सक्त ताकीदही असे. हा आळस मुळीच नव्हता. ई-निविदा भरताना लागणारी डिजिटल सही अ‍ॅक्टिव्हएक्स किंवा जावा अ‍ॅपलेट या ब्राउझरच्या आत चालणाऱ्या ज्या छोट्या प्रोग्रामांवर चाले, ते नव्या ब्राउझरमध्ये चालत नसत.

या गुंत्याचे मूळ 1995 सालात सापडते. तोवर वेबपान मुख्यतः वाचण्यापुरते होते. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने जावास्क्रिप्ट ही वेबपानातच प्रोग्राम लिहिण्याची भाषा आणल्यावर परक्याने लिहिलेला प्रोग्राम आपल्या संगणकावर चालू लागला. एका संकेतस्थळाच्या स्क्रिप्टने दुसऱ्याच्या माहितीला हात लावू नये, हा नियमही त्याच सुमारास आला आणि ब्राउझरची सुरक्षा आजही बरीचशी त्यावरच उभी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले की, नेटस्केपच्या ब्राउझरची माहिती कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली घड्याळातील वेळ आणि संगणकाने चालू प्रोग्रामला दिलेला क्रमांक यांवरून बनत असल्याने ती अंदाजाने हुडकता येते. पुढच्याच महिन्यात कंपनीने दोष शोधणाऱ्यांसाठी बक्षीस जाहीर केले.

खरी घोडचूक मात्र मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हएक्सची म्हणावी लागेल. 1996 पासून ब्राउझरमध्ये आलेला हा घटक एकदा ‘होय’ म्हटले की वापरकर्त्याच्या सगळ्या अधिकारांनिशी चाले. त्याला कुंपण असे नव्हतेच. त्यात 2001 च्या एक्सप्लोरर 6 नंतर पुढची आवृत्ती यायला 2006 उजाडले. गूगलसह अनेक कंपन्यांत झालेल्या घुसखोरीत एक्सप्लोररचीच त्रुटी वापरल्याचे जानेवारी 2010 मध्ये उघड झाले, तेव्हा जर्मनी व फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी नागरिकांना तूर्त दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला.

तोवर गूगलच्या क्रोम ब्राउझरने 2008 मध्ये वेबपान बंदिस्त प्रोसेसमध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून कुंपण घालून, चालवण्याची रचना आणली होती. जुन्या प्लगइनचे, म्हणजे जावासारख्या बाहेरून जोडलेल्या प्रोग्रामांचे, दार क्रोमने सप्टेंबर 2015 मध्ये, तर फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये चित्रफिती व अ‍ॅनिमेशन दाखवणाऱ्या फ्लॅशचा अपवाद ठेवून बंद केले. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण निविदेच्या शेवटच्या दिवशी सही होत नाही म्हटल्यावर कारकुनाला जुन्या संगणकाकडेच वळावे लागे. कुंपणानेही त्रुटी संपल्या नाहीत, कारण ब्राउझर प्रामुख्याने सी++ या भाषेत लिहिलेले असतात, तिच्यात मेमरी प्रोग्रामरनेच सांभाळायची असते, आणि क्रोम ज्यावर बेतला आहे त्या क्रोमियमच्या चमूने 2020 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार त्यांच्या गंभीर त्रुटींपैकी सुमारे 70 टक्के मेमरी हाताळण्यातील चुकांमुळे होत्या.

15 जून 2022 रोजी एक्सप्लोरर 11 चे डेस्कटॉप रूप बहुतांश विंडोज 10 आवृत्त्यांवर निवृत्त झाले. आता जीएसटी पोर्टलवर डिजिटल सहीसाठी संगणकावर वेगळा प्रोग्राम बसवावा लागतो आणि ब्राउझर त्याच संगणकात त्याच्याशी संपर्क साधतो. ब्राउझर स्वतःहून अद्ययावत होत राहतो, पण या प्रोग्रामची आवृत्ती कोणती, हे सही उमटेनाशी होईपर्यंत सहसा कोणी पाहत नाही.