वाळवंटात पळवायच्या पिकअपचं सस्पेन्शन : काम देण्याआधी वाचा

हिवाळ्यात जैसलमेर-बिकानेरकडे पिकअप घेऊन जाणारे ग्राहक बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात, "गाडी किती इंच उचलून मिळेल?" सह्याद्रीतल्या दगडगोट्यांतून पहिल्या गिअरमध्ये चढायचं असेल तर उंची कामाला येते. वाळूच्या पट्ट्यावरून ताशी साठ-सत्तरने जायचं असेल तर चाकाची चाल आणि तापल्यावरही दम न सोडणारे शॉकअप लागतात. चाल म्हणजे चाक किती खाली सुटतं आणि किती वर येतं ते. हे पत्रक इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा गाड्यांसाठी आहे. त्यांना पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग असते, मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग).

लिफ्ट केल्याने चाल वाढत नाही

हिशेबासाठी समजा, पुढच्या चाकाची एकूण चाल 200 मिमी आहे. गाडी उभी असताना त्यातली 90 मिमी खाली सुटायला आणि 110 मिमी वर यायला शिल्लक असते. स्प्रिंगखाली स्पेसर टाकून किंवा कॉलर (स्प्रिंग दाबून धरणारी आट्यांची रिंग) आवळून गाडी 50 मिमी उचलली, तर खाली सुटायला उरतात फक्त 40. आर्म तेच, म्हणून एकूण चालही तीच. अशा गाडीचं चाक खड्ड्यावरून जाताना जमिनीपर्यंत पोचत नाही, शॉकअप पूर्ण ताणला जाऊन 'टक्' आवाज येतो आणि सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) कायम जास्त कोनात फिरून त्याचं बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटतं. वेगाने चालवायच्या गाडीला आम्ही 25 ते 30 मिमीच उचलतो. एकूण चालीतली साधारण 30 ते 35 टक्के खालच्या बाजूला राहिली पाहिजे.

स्प्रिंग ठरवण्याआधी वजन लागतं. टाकी भरा, नेहमीचे लोक, जादा चाक, पाणी, हत्यारं सगळं गाडीत ठेवा आणि वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. दोन्ही पावत्या आम्हाला द्या. या आकाराच्या गाड्यांना पुढे सहसा इंचाला 600 पौंडांची स्प्रिंग चालते, म्हणजे एक मिलिमीटर दबायला सुमारे 10.7 किलो. स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचा दोराचा रहाट) असेल तर 650 ते 700. मऊ स्प्रिंग घेऊन कॉलरने आवळत बसू नका. कॉलरने उंची वाढते, स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो.

शॉकअप का दम सोडतो

वाळूतल्या सलग उंचवट्यांत पाच-पाच मीटरचं अंतर धरा. ताशी 72 किलोमीटरला गाडी सेकंदाला 20 मीटर जाते, म्हणजे प्रत्येक चाकाला सेकंदात चार दणके. पाव सेकंदात चाकाने वर जाऊन परत खाली यायचं असतं, आणि ती सगळी ताकद शॉकअपच्या तेलात उष्णता होऊन जिरते. कंपनीच्या साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि गॅस एकाच पोकळीत असतात. सतत घुसळून त्यांचा फेस होतो. पिस्टनला तेलाऐवजी फेस लागला की अडवण्याची ताकद जाते आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते.

म्हणून आम्ही एकेरी नळीचे, वेगळ्या टाकीचे शॉकअप बसवतो. त्यांत तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे दोन्ही मिसळत नाहीत. 2 इंची शॉकअप हौशी फेरीला पुरतात. रोज दोन-तीन तास वेगाने चालवणार असाल तर 2.5 इंची घ्या, त्यात पिस्टनचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त मिळतं. खोलून दुरुस्त करता येणारेच घ्या, सील गेलं म्हणून अख्खा शॉकअप फेकावा लागू नये. नायट्रोजनचा दाब उत्पादकाने दिलेलाच ठेवा. तो बहुधा 150 ते 200 पीएसआय असतो, आणि टायरवाल्याच्या नायट्रोजन मशीनने तिथवर जात नाही. कंप्रेसरची हवा तर भरूच नका, तिच्यातला ओलावा आत गंज धरतो.

बिघाड ओळखायची सोपी युक्ती आहे. शॉकअपच्या दांड्यावर प्लॅस्टिकची बारीक झिपटाय बांधा, बॉडीच्या सीलला लावून ठेवा आणि एक किलोमीटरचा ओबडधोबड पट्टा धावून या. झिपटाय कुठे सरकली ते पाहा. मागचा भाग लाथ मारल्यासारखा उडत असेल आणि टाय अगदी टोकाला गेली असेल, तर पाटे पूर्ण दबून बंप स्टॉपवर (चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आदळतायत. तिथे दाबताना मिळणारा अडथळा वाढवायचा. टाय मध्येच थांबली असेल आणि तरी मागचं उडत असेल, तर पाटे फार जोरात परत उघडतायत, मग रिबाउंड, म्हणजे उघडताना मिळणारा अडथळा, वाढवायचा. याच्या उलट, रिबाउंड गरजेपेक्षा जास्त झाला तर चाक पुढच्या दणक्याआधी खाली येऊच शकत नाही. गाडी प्रत्येक उंचवट्यागणिक थोडी थोडी बसत जाते आणि सहाव्या-सातव्याला आदळते. ग्राहकाला वाटतं स्प्रिंग मऊ आहे, म्हणून तो आणखी कडक स्प्रिंग मागतो आणि दुखणं वाढवतो.

मागची बाजू

मागचे पाटे माल वाहायच्या हिशेबाने घडवलेले असतात, रिकामी गाडी त्यावर उड्या मारणारच. जाड चार पाट्यांऐवजी पातळ सात-आठ पाट्यांचा गठ्ठा जास्त लवतो. पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालून उंची वाढवू नका. ठोकळ्याने तरफ लांब होते, जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की अ‍ॅक्सल पिळतो आणि पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले गेलेले असतात.

रबराच्या बंप स्टॉपच्या जागी हायड्रॉलिक बंप स्टॉप लावले की शेवटचे दोन इंच दणका न बसता संपतात. खर्च आहे, पण चेसिसला तडे जाण्यापेक्षा स्वस्त. सोबत लिमिट स्ट्रॅप, म्हणजे चाक ठरावीक मर्यादेखाली सुटू न देणारे पट्टे, हवेत, नाहीतर चाक लटकल्यावर सगळा ताण शॉकअपच्या डोळ्यावर (बोल्ट जातो त्या कडीवर) येतो. ताणाखाली स्ट्रॅप लांबतात, म्हणून ते शॉकअपच्या पूर्ण लांबीआधी 10-12 मिमीवर थांबतील असे बांधतो.

बसवताना

आर्म आणि पाट्यांच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी लटकत असताना शेवटचे आवळायचे नसतात. तसं केलं तर बुश त्या लटकत्या कोनातच जखडतो. गाडी जमिनीवर उतरली की आतलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. गाडी चाकांवर उभी करून, पुढेमागे हलवून, मगच टॉर्क पान्याने आवळतो. बाहेर कुठेही काम करून घेतलंत तरी एवढं समोर उभं राहून बघा.

चाक पूर्ण लटकवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेही तपासावं लागतं. काही गाड्यांत मागच्या ब्रेकला भार ओळखणारा व्हॉल्व्ह दांड्याने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. गाडी उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो, म्हणून दांडा नव्याने लावावा लागतो. शेवटी अलाइनमेंट, तेही नेहमीचा भार ठेवूनच. 100 किलोमीटरनंतर आणि परत 500 नंतर यू-बोल्ट आवळायला गाडी आणा.

तिकडे गेल्यावर

मऊ वाळूत टायर 15 ते 18 पीएसआयवर आणा. कडक पट्ट्यावर वेग घ्यायच्या आधी परत भरा, नाहीतर खेजडीच्या झाडाच्या मुळावर रिम वाकतो. वीस मिनिटांच्या धावेनंतर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही शॉकअप तपासा. 100 अंशांच्या आसपास गेले असतील तर थांबा. पाणी ओतू नका, वाऱ्यात निवू द्या. एकच शॉकअप इतरांपेक्षा बराच थंड असेल तर तो काम करत नाही असं समजा.

जैसलमेरकडच्या सम गावाजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत गाडी पळवायला नेऊ नका. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला आता दुर्मीळ झालेल्या माळढोक पक्ष्याची उरलीसुरली मोठी वस्ती त्याच भागात आहे, आणि तो उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2019 मधल्या निकालानंतर, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर अडचणीत येते. काम ठरवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. लांब आर्म लावून गाडी रुंद करायचं काम आम्ही फक्त बंद मैदानावरच्या, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाड्यांवर करतो. मूळ शॉकअप आणि स्प्रिंग आम्ही खोक्यात बांधून परत देतो, ते जपून ठेवा.