हॉट डॉगचं दुकान आणि सरकारी कॅमेरा

जाक गोदबू यांच्या ‘साल्यू गालार्नो!’ (१९६७) या कादंबरीचा नायक हॉट डॉग विकतो. कॅनडातल्या माँट्रियलजवळच्या एका बेटावर त्यानं जुन्या बसमध्ये दुकान थाटलंय. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो वहीत लिहीत बसतो. पुढे पुढे माणसांना इतका कंटाळतो, की घराभोवती भिंत बांधून घेतो. आत कोंडून घेतल्यावर त्याला कळतं की जगणं सोडून लिहिणं जमत नाही आणि लिहिणं सोडून जगणंही. मग ‘जगणे’ आणि ‘लिहिणे’ ही दोन फ्रेंच क्रियापदं सांधून तो एक शब्द घडवतो: ‘व्हेक्रीर’. मराठीत ‘जगलिहिणं’ म्हणावं तर ते जिभेवर बसत नाही. शीर्षकाचीही गंमत आहे. कॅनडाच्या क्यूबेक या फ्रेंच भाषक प्रांताच्या बोलीत सूर्यालाच लाडानं गालार्नो म्हणतात, आपण सूर्यनारायण म्हणतो त्या सलगीनं.

या कादंबरीला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. लेखक तेव्हा सरकारी चित्रपट मंडळात नोकरीला होता. त्या नोकरीकडे दुर्लक्ष करून गोदबूंच्या कादंबऱ्या वाचल्या तर त्यातलं निम्मं हातून निसटतं, असं मला वाटतं.

गोदबूंचा जन्म १९३३चा, माँट्रियलचा. त्यांचं तरुणपण गेलं ते प्रांताचे मुख्यमंत्री मॉरिस दुप्लेसी यांच्या क्यूबेकमध्ये. शाळा आणि दवाखाने चर्चच्या हाती, कारखान्यांची मालकी बहुतेक इंग्रजी भाषकांची. फ्रेंच बोलणारा बहुसंख्य असूनही आपल्याच शहरात हाताखालचा माणूस. १९५४ मध्ये गोदबू इथिओपियात शिकवायला गेले आणि तीन वर्षं आदिस अबाबात राहिले. त्यांच्या ‘लाक्वारियम’ (१९६२) या पहिल्या कादंबरीत एका अनाम गरीब देशात अडकलेली गोरी माणसं आहेत. पुस्तक निघालं ते पॅरिसमधून. प्रादेशिक लेखकाला मान्यतेचा शिक्का दूरच्या राजधानीतून आणावा लागतो, हे तिथेही चुकलेलं नव्हतं.

१९५८ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट मंडळात रुजू झाले. हे मंडळ १९३९चं. जॉन ग्रिअर्सन या स्कॉटिश माणसानं ते उभं केलं आणि महायुद्धात त्यातून प्रचारपट निघाले. फ्रेंच विभागाच्या वाट्याला सुरुवातीला बरंचसं काम इंग्रजी चित्रपटांच्या फ्रेंच आवृत्त्या काढण्याचं. (आपल्याकडे १९४८ मध्ये मुंबईत निघालेल्या फिल्म्स डिव्हिजनची आठवण इथे येतेच. तिथेही सरकारी पैसा, सरकारी विषय, आणि त्यातूनच अधूनमधून डोकावणारा एखादा खरा कलावंत.) १९५६ मध्ये मंडळाचं मुख्यालय ओटावाहून माँट्रियलला आलं आणि चित्र पालटलं. फ्रेंच भाषक तरुणांची रांग लागली. हलका कॅमेरा खांद्यावर घेऊन माणसं जशी बोलतात तशी टिपायची, वरून उपदेशाचं निवेदन चिकटवायचं नाही, हा त्यांचा खाक्या. पुढे त्याला ‘थेट सिनेमा’ म्हणू लागले. कादंबरीकार ह्युबेर आकँ हेही त्याच मंडळात होते. १९६४ मध्ये फ्रेंच निर्मितीचा कारभार स्वतंत्र झाला.

बाहेरही दिवस बदलत होते. १९५९ मध्ये दुप्लेसी वारले. त्याच वर्षी गोदबू आणि त्यांच्या मित्रांनी ‘लिबेर्ते’ हे नियतकालिक काढलं. १९६० मध्ये झाँ लसाज यांचं सरकार आलं, वीज प्रांताच्या मालकीची झाली, शिक्षण चर्चच्या हातून सुटत गेलं. या काळाला ‘शांत क्रांती’ म्हणतात.

साहित्यात भांडण होतं भाषेचं. घोड्याला फ्रेंचमध्ये ‘शव्हाल’ म्हणतात. माँट्रियलच्या कामगार वस्तीत त्याचा उच्चार ‘ज्वाल’ होतो, आणि त्या बोलीलाच ते नाव पडलं. शुद्धवाद्यांनी नाकं मुरडली. गोदबूंनी १९६५च्या कादंबरीत इंग्रजी वाक्यं तशीच ठेवली, गालार्नोला चालती बोली दिली, आणि ‘दामूर, पी.क्यू.’ (१९७२) मध्ये तर लेखकाचं हस्तलिखित टंकलिखित करणारी मुलगीच ते आपल्या भाषेत फिरवून लिहिते. माणसांचं बोलणं ध्वनिफितीवर ऐकत, कापत, जोडत वर्षं काढलेल्या माणसाचा कान या पानांत ऐकू येतो.

१९८०च्या सार्वमतात क्यूबेकच्या सुमारे ६० टक्के मतदारांनी कॅनडापासून स्वतंत्र होण्याच्या वाटेला नकार दिला. पुढच्याच वर्षी आली ‘ले तेत आ पापिनो’: दोन डोक्यांचा एक माणूस, शार्ल आणि फ्रान्स्वा. शस्त्रक्रियेनं दोन्हींचं एक डोकं करायचं ठरतं. शस्त्रक्रिया यशस्वी होते. उरलेला माणूस पत्र लिहितो ते इंग्रजीत. फ्रेंच त्याला कळेनाशी झालेली असते.

चित्रपटातून कादंबरीकडे जाणारी वाट सगळ्यांत उघड दिसते ती कॅलिफोर्नियात. १९८३ मध्ये गोदबूंनी तिथल्या जीवनशैलीच्या ओढीवर माहितीपट केला. तीन वर्षांनी आलेल्या ‘युन इस्त्वार आमेरिकेन’चा नायक कॅलिफोर्नियात गेलेला क्यूबेकचा प्राध्यापक आहे, आणि तो तुरुंगात बसून आपली हकिकत लिहितो.

माझ्या मते त्यांचा सर्वांत बोलका माहितीपट १९८८चा, विल जेम्सवरचा. अमेरिकेत गाजलेला हा काउबॉय लेखक स्वतःला माँटानाचा म्हणवी. त्याच्या एका घोड्याच्या गोष्टीला १९२७ मध्ये बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं. प्रत्यक्षात तो क्यूबेकच्या खेड्यात जन्मलेला एर्नेस्ट द्युफो होता, घरची भाषा फ्रेंच. हे त्यानं वाचकांपासून जन्मभर लपवलं. दोन डोक्यांच्या पापिनोचं गोदबूंनी कल्पनेनं जे केलं, ते द्युफोनं स्वतःच स्वतःवर करून घेतलं होतं, शस्त्रक्रियेवाचून.

पुढचे माहितीपट राजकारण आणि इतिहासाचे. जवळजवळ चार तासांच्या ‘काळ्या मेंढी’त (१९९२) क्यूबेकला घटनेत वेगळं स्थान देणारा मीच लेक करार कोसळल्यानंतरचं वर्ष आहे. १९९६ मध्ये त्यांनी १७५९ची लढाई पुन्हा उकरली. ब्रिटिशांनी क्यूबेक जिंकलं ती. तोवर मंडळातली नोकरी संपत आली होती.

२००० मध्ये ते घरच्याच माणसाकडे वळले. चुलत आजोबा आदेलार गोदबू १९३९ ते १९४४ क्यूबेकचे पंतप्रधान होते (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तिथे तेच म्हणतात). त्यांनी १९४० मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला, १९४३ मध्ये शाळा सक्तीची केली, १९४४ मध्ये माँट्रियलची वीज कंपनी सरकारी केली. तरी युद्धात ओटावातल्या केंद्र सरकारपुढे वाकले असा ठपका त्यांच्यावर बसला, आणि त्यांच्या आधी व नंतर सत्तेवर असलेल्या दुप्लेसींच्या सावलीत ते विसरले गेले. माहितीपटाचं नाव ‘गद्दार की देशभक्त’. नावातला प्रश्न नातवानं तसाच ठेवला आहे.