कबरीवरचा खडा (ज्यू प्रथा)

कबरीच्या दर्शनानंतर तिच्यावर लहान खडा ठेवण्याची ज्यू धर्मीयांची प्रथा. खडा जमिनीवरून उचलतात, दुसऱ्या कबरीवरून घेत नाहीत. तो शिळेच्या वरच्या कडेवर ठेवतात. माथा गोल वा उतरता असल्यास खडा घरंगळतो, म्हणून पायथ्याच्या लादीवर. फुलांचा रिवाज जुन्या परंपरेत नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. याकोबाने राहेलच्या कबरीवर स्तंभ उभारला (उत्पत्ती ३५:२०). पण हा आधार मात्सेवाचा, म्हणजे स्मारकशिळेचा, खड्याचा नव्हे. काहींच्या मते मूळ कबरीच्या खुणेत असावे. कोहेन (पुरोहित) कुळातील पुरुषांना मृताचा विटाळ वर्ज्य असल्याने (लेवीय २१) कबर दुरून ओळखू येणे गरजेचे होते. परंतु मिश्नात (ज्यू मौखिक कायद्याच्या संहितेत) अदार या हिब्रू महिन्याच्या १५ तारखेच्या सुमारास होणारी ही खूण चुन्याची आहे. मिश्नाच्याच एदुयोत या प्रकरणात (५:६) बहिष्कृताच्या शवपेटीवर न्यायसभेने दगड ठेवल्याचे येते; तो दगड अप्रतिष्ठेचा, त्यामुळे आजच्या प्रथेशी त्याचा मेळ बसत नाही. 'त्सरोर' या हिब्रू शब्दाचे खडा आणि गाठोडे असे दोन्ही अर्थ होतात, आणि शिळांवर कोरलेली पाच आद्याक्षरे 'जीवनाच्या गाठोड्यात' आत्मा बांधला जावो अशी प्रार्थना करतात (पाहा १ शमुवेल २५:२९). हा श्लेष मनोहर असला तरी उत्तरकालीन दिसतो. 'शुल्हान आरुख' या ज्यू धर्मशास्त्र-संहितेवरील 'बएर हेतेव' या टीकेतील (ओराह हाईम विभाग, २२४) खुलासा सर्वांत सरळ आहे: गवत वा दगड ठेवणे हा मृताचा मान, कबरीवर कोणी येऊन गेले हे त्यातून दिसते. हे मत सामान्यतः चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या ऑस्ट्रियातील रब्बी (ज्यू धर्मगुरू) शालोम यांचे मानतात.

दर्शनाला मुख्यतः यार्टसाइटला (हिब्रू पंचांगानुसार वार्षिक स्मृतिदिनी) आणि रोश हशानापूर्वी (ज्यू नववर्षापूर्वी) जातात. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीदिन) व सणांना जात नाहीत. कद्दीशसाठी (मृतासाठी म्हणायच्या प्रार्थनेसाठी) १० प्रौढांचे मिन्यान (गणसंख्या) लागते (सनातनी पंथांत पुरुषच). ते न जमल्यास स्तोत्रे म्हणतात. स्तोत्र ११९ मध्ये प्रत्येक हिब्रू अक्षराला ८ ओव्या आहेत. मृताच्या नावातील अक्षरांनुसार त्या निवडतात, म्हणजे तीन अक्षरी 'दावीद'साठी २४. कोहेन कबरीपासून चार हात दूर थांबतो. दफनभूमीत खाणेपिणे वर्ज्य. मृतांना जे करता येत नाही ते त्यांच्यासमोर करणे ही त्यांची चेष्टा ठरते. निघताना हात धुतात, अनेक ठिकाणी ते पुसत नाहीत. मागणे मृताकडे नव्हे, देवाकडे करावे, यावर माहरिल या मध्ययुगीन जर्मन रब्बींचा भर आहे.

प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीत रब्बी लोव (मृत्यू १६०९) यांच्या कबरीवर खड्यांखाली इच्छांच्या चिठ्ठ्या दाबलेल्या दिसतात. कोकणातील बेने इस्रायल समाज मृतांसाठी हशकाबा प्रार्थना म्हणतो. अलिबागजवळील नवगावची दफनभूमी हा समाज गलबत फुटून बुडालेल्या पूर्वजांची मानतो.