रहाटावरची पेशी

मे महिन्यात भाची नागावला आली की तिच्या आजीची पहिली आज्ञा सुटते, "बस इथे, बिरडं सोल." कडवे वाल भिजवून फडक्यात बांधलेले, चांगले लांब मोड आलेले. सध्या ती परदेशात पोस्टडॉक आहे. पोस्टडॉक म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. पीएचडीनंतरची, करारावरची उमेदवारी म्हणा. विषय मात्र सांगता येतो : अंतराळात जिवंत पेशीचं काय होतं?

"म्हणजे तू पेशी वर पाठवतेस?"

"नाही मामा. रहाटावर बसवते."

तिने एक मोड बोटांवर धरला. मुळाच्या टोकाशी टोपीसारखा एक भाग असतो. तिथल्या काही पेशींत स्टार्चचे कण असतात. भोवतालच्या द्रवापेक्षा ते जड, म्हणून पेशीच्या तळाशी जाऊन बसतात. बी उलटं केलं की थोड्याच मिनिटांत ते नव्या तळाशी घसरतात, आणि वाढतं मूळ तिकडे वळू लागतं. मुळाला 'खाली' कुठे हे कळतं ते मुख्यत्वे या गाळामुळे.

थॉमस नाईट या इंग्रज बागाईतदाराला या कणांचं काही ठाऊक नव्हतं. त्याने बागेतल्या ओढ्यावर पाणचक्की बसवली, चाकाला घेवड्याच्या बिया बांधल्या आणि चाक मिनिटाला सुमारे १५० फेरे फिरवलं. मुळं चाकाबाहेर वाढली, कोंब आसाकडे. वेगाने फिरणाऱ्या चाकाने बियांची 'खालची' दिशाच बदलून टाकली होती. हे त्याने १८०६ मध्ये प्रसिद्ध केलं.

भाचीचं यंत्र याच्या उलट, आमच्या जुन्या रहाटासारखं संथ. रेडा फिरायचा, माळेतली गाडगी वर येऊन पन्हळीत ओतली जायची आणि पोफळींना पाटाने पाणी मिळायचं. क्लिनोस्टॅट नावाच्या या यंत्रात पोषक द्रवाने काठोकाठ भरलेली कुपी आडव्या आसाभोवती फिरत राहते. पेशी तळाकडे निघते न निघते तोच तळ माथ्यावर गेलेला असतो. कुठलीच दिशा 'खाली' म्हणून टिकत नाही.

गुरुत्वाकर्षण मात्र तिथेच असतं. गंमत म्हणजे ते अंतराळ स्थानकातही असतं! सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के भरतं. तरीही सगळं तरंगतं, कारण स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे जाता जाता सतत पृथ्वीकडे पडत असतं. गळकं गाडगं माळेतून सुटलं, तर विहिरीत पडेपर्यंतच्या क्षणभरात त्याची गळती थांबते; पाणी आणि गाडगं बरोबरच पडत असतात. स्थानकात हा क्षण संपतच नाही.

आता खरी अडचण. वालाच्या मुळात गाळ आहे, पण आपल्या बहुतेक पेशींत असं काही नाही. पेशी इतकी लहान की तिला स्वतःचं वजन जाणवतं का, हाच वादाचा मुद्दा. बदलतं ते कदाचित भोवतालचं पाणी. जमिनीवर ऊन पाणी वर चढतं, गार खाली येतं, त्या हालचालीत पेशीला अन्न पोचतं आणि तिची घाण वाहून जाते. तरंगत्या कुपीत ही ढवळाढवळ जवळपास थांबते. मग पेशी मलूल झाली, तर दोष वजन गेल्याचा, की शिळ्या पाण्याचा? त्यात वर किरणोत्सारही जमिनीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून स्थानकातल्या काही उपकरणांत छोटं सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने फिरणारं चाक असतं. अर्धे नमुने तरंगत ठेवायचे, अर्धे फिरवून त्यांना पृथ्वीइतकं वजन द्यायचं. किरणोत्सार दोघांना सारखाच, त्यामुळे फरक दिसला तर तो वजनाकडे बोट दाखवतो. मला विचाराल तर अंतराळातल्या अवाढव्य यंत्रांपेक्षा ही युक्ती जास्त भारी आहे.

अख्ख्या शरीराचे आकडे मात्र ठसठशीत आहेत. पृथ्वीवर आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी मोडतात आणि तितक्याच नव्या बनतात. सहा महिने स्थानकात राहिलेल्या १४ अंतराळवीरांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोडणाऱ्या पेशींचा आकडा ३० लाखांच्या घरात निघाला.

२०२५ च्या जूनमध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकात गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर स्नायूपेशींचा एक भारतीय प्रयोग होता. शिवाय मूग आणि मेथीही होती, मोड आणायला.

हे ऐकून इतका वेळ गप्प असलेल्या आईने मान वर केली. "मग तिथे मोड जातो कुठे?"

"बी ज्या अंगावर असेल तिकडे निघतो, आजी. कोंब उजेडाकडे वळतो. मुळाला मात्र विचारायला कुणी नसतं."

"अन् वाल नेले नाहीत?"

"नाही."

"सोलणार कोण," आई म्हणाली आणि वालांची परात तिच्याकडे सरकवली.