रूम करेक्शन (कक्षध्वनी-सुधारणा)

होम थिएटरमधील स्पीकरचा आवाज श्रोत्यापर्यंत पोहोचताना खोलीमुळे त्यात जे फेरफार होतात, ते मायक्रोफोनने मोजून डिजिटल फिल्टरांच्या साहाय्याने कमी करण्याच्या पद्धतीस रूम करेक्शन म्हणतात.

समोरासमोरच्या भिंतींमध्ये अप्रगामी (जागच्या जागी राहणारे) तरंग निर्माण होतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सु. 343 मी. धरल्यास 5 मी. लांबीच्या खोलीतील पहिले अनुस्पंदन (आवाज खोलीत बळावणे) सु. 34 हर्ट्झला येते. या कंप्रतेचा (वारंवारतेचा) अखंड स्वर लावून लांबीच्या मध्यावर उभे राहिल्यास तो जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीकडे सरकताच छातीत जाणवू लागतो. अशी सुटी अनुस्पंदने कोणत्या कंप्रतेपर्यंत प्रभावी राहतात, याचा अंदाज भौतिकीविज्ञ मानफ्रेट श्रोडर यांच्या सूत्राने करता येतो : निनादकालाला (आवाज विरण्यास लागणाऱ्या काळाला) घनफळाने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ एका ठरावीक गुणकाने गुणायचे. त्यांनी 1954 मध्ये सुचविलेला 4000 हा गुणक पुढे 2000 असा निम्मा करण्यात आला आणि आज तोच रूढ आहे. त्यानुसार 45 घ. मी. घनफळाच्या व 0.4 सेकंद निनादकाल असलेल्या खोलीत ही मर्यादा सु. 190 हर्ट्झ येते.

या पद्धतीचा उगम काहीजण 1960 च्या दशकात सी. पी. बोनर यांनी अमेरिकेतील सभागृहांसाठी वापरलेल्या अरुंद पट्ट्याच्या फिल्टरांत पाहतात. मात्र त्या कामात ध्वनिक्षेपण यंत्रणेची शीळ रोखण्याला महत्त्व होते. त्यामुळे घरगुती डिजिटल पद्धतीची सुरुवात पीटर क्रेव्हन व मायकेल गर्झन यांच्या 1992 च्या निबंधाच्या सुमारास मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एव्ही रिसीव्हरमध्ये (होम थिएटरच्या स्पीकरांना ध्वनी पुरविणाऱ्या उपकरणात) ही सोय साधारणतः 2000 नंतर रुळली. रूम करेक्शनच्या प्रचलित प्रणालींपैकी ऑडिसीची मुळे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधनात, तर डिरॅकची स्वीडनमधील उप्साला येथे आहेत.

सुधारणा संपूर्ण श्राव्य पट्ट्यात करावी की केवळ खालच्या कंप्रतांत, हा खरा वाद आहे. वरच्या कंप्रतांत कान थेट आलेला आवाज आणि परावर्तने वेगळी ओळखतो, मायक्रोफोन मात्र दोहोंची बेरीज नोंदवतो. म्हणून तेथे चांगल्या स्पीकरला हात लावू नये, हे ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांचे प्रतिपादन अधिक पटण्याजोगे आहे. खालच्या पट्ट्यातही उंचवटे (आवाज वाढलेल्या कंप्रता) कापता येतात, पण खड्डे (आवाज घटलेल्या कंप्रता) भरता येत नाहीत : 10 डेसिबलने आवाज चढवायला दहापट शक्ती लागते आणि अप्रगामी तरंगाचा खड्डा तरीही तसाच राहतो. अशा वेळी आसन किंवा सबवूफर (खर्जाचा स्पीकर) हलवणे, अथवा दुसरा सबवूफर जोडणे हाच उपाय होय.

उपकरण निवडताना सुधारणेची वरची मर्यादा ठरवता येते का आणि प्रत्येक सबवूफरची पातळी व विलंब स्वतंत्रपणे जुळवता येतो का, हे आधी पाहावे. चांगल्या रिसीव्हरच्या डिजिटल-ॲनालॉग परिवर्तकांमधील फरक खोलीच्या 10-15 डेसिबलच्या चढउतारांपुढे नगण्य असतो. मोजणीनंतर सबवूफरचे अंतर टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा जास्त दिसले, तर ते ‘दुरुस्त’ करू नये. त्यात सबवूफरच्या आतील विद्युत्‌मंडलाचा विलंब धरलेला असतो.

मुंबई-पुण्याकडील सदनिकांच्या काँक्रीटच्या वा विटांच्या भिंती अमेरिकेतील लाकडी सांगाड्यावरील जिप्समच्या भिंतींच्या तुलनेत खालच्या कंप्रता फारच कमी शोषतात. साहजिकच तेथे खर्जाची अनुस्पंदने अधिक तीव्र असतात आणि अधिक काळ घुमत राहतात.